कुठल्या दारूने हँगओव्हर जास्त होतो आणि सकाळ वाचवायची कशी

पार्टीत बसलेल्या प्रत्येकाकडे या प्रश्नाचं स्वतःचं उत्तर असतं, एक म्हणतो व्हिस्कीने मला काहीच होत नाही पण वाईन घेतली की डोकं धरतं, दुसरा म्हणतो रम घेतली की पुढचा दिवस गेलाच समजा, तिसरा सांगतो काहीही प्या फक्त मिक्स करू नका. यातलं थोडं खरं आहे, थोडं अर्धवट खरं आहे आणि थोडा निव्वळ गैरसमज आहे. मी बरीच वर्षं हा विषय चुकीच्या टोकाने धरला होता, कुठली दारू सोसते हेच शोधत राहायचो आणि पोटात नक्की किती गेली याचा हिशोब मात्र कधी ठेवला नाही.

तर आधी एक गोष्ट सांगतो, बाकी सगळं तिच्यानंतर. हँगओव्हर होतो तो मुख्यतः इथेनॉलमुळे, आणि इथेनॉल बिअरमधलं असो की महागड्या स्कॉचमधलं, रेणू एकच आहे. दारूचा प्रकार बदलला की तीन गोष्टी बदलतात, एक म्हणजे इथेनॉलच्या जोडीला येणारी बाकीची रसायनं, दुसरं म्हणजे ती रक्तात किती वेगाने चढते, आणि तिसरं म्हणजे आपण किती प्यायलो याचा आपला अंदाज किती चुकतो. माझ्या मते ही तिसरी गोष्टच सगळ्यात जास्त नडते आणि तिच्याबद्दलच सगळ्यात कमी बोललं जातं.

शरीरात काय होतं ते थोडक्यात. लिव्हर इथेनॉलचं आधी अॅसिटाल्डिहाइड करतं, हे बऱ्यापैकी विषारी असतं, मग दुसरं एन्झाइम त्याचं अॅसिटेट करतं आणि ते पुढे निरुपद्रवीपणे संपून जातं. पूर्व आशियातल्या बऱ्याच लोकांमध्ये हे दुसरं एन्झाइम जन्मतःच नीट काम करत नाही, म्हणून त्यांचा चेहरा एका पेगमध्येच लाल होतो आणि मळमळायला लागतं, आणि असं होत असेल तर ती सवयीने जाणारी गोष्ट नाही, शरीर स्पष्ट नको म्हणतंय. याशिवाय दारू मेंदूतून सुटणाऱ्या व्हॅसोप्रेसिन नावाच्या हॉर्मोनला दाबते त्यामुळे सारखं लघवीला जावं लागतं आणि पाणी निघून जातं, पोटाच्या आतल्या आवरणाला त्रास होतो, आणि झोप लागते लवकर पण रात्रीच्या दुसऱ्या भागात ती तुटत राहते. सकाळी जी उगाच धडधड आणि भीती वाटते ना, काल काहीतरी चुकीचं बोललो का असं सारखं वाटत राहतं, तेही यातलंच, दारूने रात्रभर मेंदू शांत दाबून ठेवलेला असतो आणि ती उतरली की तो उलट जास्त चेकाळतो. बऱ्याच लोकांना हे माहीत नसतं आणि ते त्या दिवशी स्वतःला फार दोष देत बसतात, म्हणून मुद्दाम लिहितोय.

आणि हँगओव्हर दारू चढलेली असताना येत नाही, उतरताना येतो. रक्तातली दारू जवळजवळ शून्यावर येते तेव्हा तो सगळ्यात जोरात असतो आणि पुढे २४ तासांपर्यंत राहू शकतो.

पहिलं काम: ग्रॅममध्ये मोजायला शिका

ग्लास, पेग, कॅन, पाईंट या मापांनी काही कळत नाही कारण प्रत्येकात वेगळी दारू असते. हिशोब सोपा आहे, किती मिली घेतली गुणिले बाटलीवर लिहिलेले टक्के, भागिले १००, आणि त्याला ०.७९ ने गुणायचं, म्हणजे शुद्ध अल्कोहोल किती ग्रॅम ते येतं. ३३० मिलीची ५ टक्क्यांची बिअर म्हणजे १३ ग्रॅम. १५० मिली वाईन १३ टक्क्यांची म्हणजे साधारण १५ ग्रॅम. ६० मिलीचा पेग ४० टक्क्यांच्या कुठल्याही दारूचा, मग ती व्होडका असो की रम की व्हिस्की, १९ ग्रॅम. आता स्ट्राँग बिअर बघा, ५०० मिलीचा ८ टक्क्यांचा एक कॅन म्हणजे जवळजवळ ३२ ग्रॅम, म्हणजे असे दोन कॅन झाले की तीन मोठ्या पेगांपेक्षा जास्त दारू पोटात गेली, आणि माणूस सांगतो काय तर मी फक्त दोन बिअर घेतल्या.

लिव्हर तासाला साधारण ७ ते १० ग्रॅम संपवतं, शरीर लहान असेल तर कमी, मोठं असेल तर थोडं जास्त, आणि हा वेग कॉफीने वाढत नाही, थंड पाण्याच्या अंघोळीने वाढत नाही, व्यायामाने घाम काढूनही वाढत नाही. म्हणजे एक ६० मिलीचा पेग पूर्ण निघायला दोन ते अडीच तास लागतात. हा एक आकडा डोक्यात पक्का बसला तरी पिण्याचा वेग आपोआप बदलतो, माझा तरी बदलला.

बायकांच्या बाबतीत अजून एक गोष्ट, वजन सारखं असलं तरी शरीरात पाण्याचं प्रमाण सरासरीने कमी असतं म्हणून तेवढ्याच दारूने रक्तातलं प्रमाण जास्त चढतं. त्यामुळे नवऱ्याच्या किंवा मित्राच्या बरोबरीने ग्लास भरत जाणं हा हिशोबच चुकीचा आहे, इथे मान राखण्याचा वगैरे प्रश्नच येत नाही.

गडद दारू आणि पांढरी दारू, इथे खरंच फरक आहे

आता लोकांना ज्यात जास्त रस असतो तो भाग. दारू आंबवताना आणि लाकडी पिंपात मुरवताना इथेनॉलशिवाय बाकीही बरंच काही तयार होतं, मिथेनॉल, अॅसिटाल्डिहाइड, इथाइल अॅसिटेट, आयसोअमाइल अल्कोहोलसारखी जड अल्कोहोलं, लाकडातून येणारी टॅनिन आणि फर्फ्युरल, या सगळ्यांना मिळून काँजेनर म्हणतात. चव, वास, रंग बऱ्यापैकी यांच्यामुळेच असतो, म्हणजे ज्या गोष्टीसाठी आपण चांगली व्हिस्की घेतो तीच सकाळी थोडी जास्त छळते. व्होडका खूप वेळा डिस्टिल होते, बऱ्याचदा कोळशातून गाळलेली असते, त्यामुळे तिच्यात हे जवळजवळ उरतच नाही. जिनही अशाच स्वच्छ स्पिरिटला ज्युनिपर नावाच्या झुडपाची फळं आणि बाकी मसाल्यांसोबत पुन्हा डिस्टिल करून बनते म्हणून तिच्यातही कमी. व्हाईट रममध्ये मध्यम प्रमाणात. डार्क रम, व्हिस्की, बर्बन म्हणजे मक्यापासून बनणारी अमेरिकन व्हिस्की, ब्रँडी, मुरवलेली टकिला यांच्यात जास्त.

यावर एक चांगला अभ्यास आहे, अमेरिकेत ब्राऊन युनिव्हर्सिटीच्या संशोधकांनी २१ ते ३३ वयाच्या ९५ धडधाकट तरुणांना वेगवेगळ्या रात्री बर्बन किंवा व्होडका आणि बिनदारूचं पेय दिलं, रक्तातली दारूची पातळी ०.११ टक्क्यांच्या आसपास नेली आणि सकाळी तपासलं, हे २०१० साली छापून आलं. बर्बनमध्ये व्होडकाच्या ३७ पट काँजेनर असतात आणि बर्बनवाल्यांना सकाळी खरोखरच जास्त वाईट वाटत होतं. पण याच अभ्यासातली दुसरी गोष्ट लोक सांगतच नाहीत, ती जास्त महत्त्वाची आहे. सकाळी लक्ष देण्याच्या आणि चपळाईच्या टेस्ट घेतल्या तेव्हा व्होडका प्यायलेले आणि बर्बन प्यायलेले दोघंही सारखेच ढेपाळलेले होते, झोपही दोघांची सारखीच बिघडली होती. म्हणजे व्होडकाने डोकं कमी ठणकेल पण काम करायची, गाडी चालवायची क्षमता तेवढीच घसरलेली असते आणि उलट बरं वाटतंय म्हणून माणूस बिनधास्त गाडी काढतो. मला तर हे जास्त धोक्याचं वाटतं.

म्हणून रंगावरून निवड करायचीच असेल तर अशी करा, सारख्याच ग्रॅममध्ये स्वच्छ पारदर्शक दारू साधारणपणे कमी त्रास देते, पण पारदर्शक आहे म्हणून एक पेग वाढवला तर सगळा फायदा तिथेच गेला. पारदर्शक म्हणजे स्वच्छ असंही डोळे झाकून धरू नका, फळांपासून बनलेल्या काही ब्रँड्या पाण्यासारख्या दिसतात आणि त्यांच्यात मिथेनॉल बरंच असतं, कारण फळांच्या गरात पेक्टिन असतं आणि आंबताना त्यातून मिथेनॉल सुटतं.

मिथेनॉलवर जरा थांबू. लिव्हरचं एन्झाइम इथेनॉल आणि मिथेनॉल दोन्ही हाताळतं पण त्याला इथेनॉल आधी लागतं. म्हणून रात्रभर इथेनॉल संपेपर्यंत मिथेनॉल बाजूला वाट बघत बसतं आणि पहाटे त्याचा नंबर लागतो, मग त्याचं फॉर्मल्डिहाइड आणि पुढे फॉर्मिक अॅसिड होतं. कायदेशीर बाटलीत हे प्रमाण अगदी थोडं असतं, जीवाला धोका नसतो, पण सकाळच्या त्रासात त्याचा वाटा असावा असं मानलं जातं. सकाळी उतारा म्हणून एक पेग मारला की बरं वाटतं त्याचं एक कारण हेच, नवीन इथेनॉल आलं की एन्झाइम परत त्याच्याकडे वळतं. पण यात हँगओव्हर पुढे ढकलला जातो, जात नाही, आणि लिव्हरसमोर अजून १९ ग्रॅम येऊन पडतात. उतारा घ्यायची सवय ज्यांना लागली त्यांचं पुढे काय होतं हे मी जवळून पाहिलंय, तेव्हा हा उपाय मी कोणालाच सांगणार नाही.

आणि इथेच एक गंभीर गोष्ट. बेकायदा, सुटी, लेबल नसलेली दारू कितीही ओळखीच्या माणसाने दिली तरी घेऊ नका. तिच्यात मिथेनॉल मिसळलेलं असलं तर सुरुवातीला साध्या हँगओव्हरसारखंच वाटतं आणि मग १२ ते २४ तासांनी धूसर दिसायला लागतं, डोळ्यांसमोर पांढरं पांढरं येतं, पोटात जोरात दुखतं, श्वास भराभर चालतो. दिसण्यात काहीही बिघाड वाटला तर झोपून बघू म्हणायचं नाही, लगेच हॉस्पिटल, वेळेत गेलं तर त्यावर औषध आहे आणि उशीर झाला तर डोळे किंवा जीव जातो.

रेड वाईनचं डोकं वेगळं असतं

रेड वाईनबद्दल जेवढी तक्रार ऐकू येते तेवढी कशाचबद्दल येत नाही, आणि तिचं थोडं वेगळंच आहे. बऱ्याच जणांना एक-दोन ग्लासांतच, अर्ध्या तासापासून तीन तासांच्या आत डोकं दुखायला लागतं. हा हँगओव्हर नाही, कारण हँगओव्हर दारू उतरताना येतो आणि इथे तर ती अजून चढतेच आहे. लोक सल्फाइटला, म्हणजे वाईन टिकावी म्हणून घालतात त्या रसायनाला, दोष देतात पण व्हाईट वाईनमध्ये सल्फाइट सहसा रेडपेक्षा जास्तच असतात, मग व्हाईटने का होत नाही. रेडमध्ये द्राक्षाची सालं सोबत आंबवतात म्हणून टॅनिन आणि हिस्टामीन जास्त येतात, ज्यांना हिस्टामीन सोसत नाही त्यांचं नाक चोंदतं, चेहरा गरम होतो. कॅलिफोर्नियात डेव्हिस इथल्या विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये अजून एक शक्यता मांडली, द्राक्षाच्या सालीतलं क्वेर्सेटिन नावाचं द्रव्य शरीरात गेल्यावर ज्या रूपात बदलतं ते रूप अॅसिटाल्डिहाइड संपवणाऱ्या एन्झाइमला अडवतं. हे त्यांनी प्रयोगशाळेत दाखवलंय, माणसांवर सिद्ध व्हायचंय, पण पटण्यासारखं आहे, कारण उन्हात वाढलेल्या द्राक्षांत क्वेर्सेटिन जास्त असतं आणि सगळ्याच रेड वाईनने सारखा त्रास होत नाही हा अनुभव बऱ्याच जणांचा आहे.

तर करायचं काय, रेड वाईनने लवकर डोकं धरत असेल तर त्याच दिवशी थांबा, दुसऱ्या वेळी वेगळ्या प्रकारची रेड फक्त अर्धा ग्लास घेऊन दोन तास बघा, तरीही झालं तर व्हाईट किंवा दुसरं काहीतरी घ्या, जबरदस्ती करू नका. मायग्रेन असणाऱ्यांनी तर हा प्रयोगही जपूनच करावा.

बिअर आणि ते मिक्स करण्याचं प्रकरण

साध्या बिअरमध्ये अल्कोहोल कमी आणि काँजेनरही गडद स्पिरिटपेक्षा कमी, पातळ असल्यामुळे चढायला वेळ लागतो, पोटही भरतं, त्यामुळे मोजून घेतली तर बिअर बऱ्यापैकी सौम्य आहे. पण बिअर मोजून कोणी घेत नाही. आणि वर स्ट्राँग बिअरचा हिशोब दिलाच आहे.

बिअरनंतर वाईन चालते, वाईननंतर बिअर नाही, किंवा आधी हलकी मग भारी, अशा म्हणी जगभर आहेत. जर्मनीतल्या विटेन-हर्डेके विद्यापीठाने २०१९ मध्ये हे नीट तपासलं, १९ ते ४० वयाच्या ९० जणांना गटागटाने बसवलं, एका गटाला आधी बिअर मग व्हाईट वाईन, दुसऱ्याला आधी वाईन मग बिअर, तिसऱ्याला एकच काहीतरी, आणि आठवड्याभराने किंवा नंतर अदलाबदल. सगळ्यांची पातळी ०.११ टक्क्यांपर्यंत नेली. क्रमाने काहीही फरक पडला नाही, मिक्स केल्यानेही नाही. सकाळचा अंदाज बऱ्यापैकी देणाऱ्या दोनच गोष्टी निघाल्या, रात्री आपल्याला किती चढली असं स्वतःला वाटत होतं आणि उलटी झाली का. म्हणजे श्वासातून दारू मोजणाऱ्या मशीनपेक्षा स्वतःचं शरीर काय सांगतंय ते ऐकलेलं बरं.

मग मिक्स केल्याने त्रास होतो असं सगळ्यांना का वाटतं, तर मिक्स त्याच रात्री होतं ज्या रात्री बसणं लांबतं. बिअर संपली म्हणून कोणीतरी बाटली उघडतं, ती संपली की शॉट येतात. दोष मिक्स करण्याला जातो, खरं कारण चौथा-पाचवा तास असतं.

बुडबुडे, डाएट कोला, एनर्जी ड्रिंक

हा भाग मला सगळ्यात उपयोगाचा वाटतो कारण यावर कोणी लक्षच देत नाही, दारू कुठली ते सगळे बघतात आणि ती कशात घालून घेतोय ते कोणी बघत नाही. शँपेनसारखी फसफसणारी दारू लवकर चढते, इंग्लंडमध्ये सरे विद्यापीठात तीच शँपेन एकदा बुडबुड्यांसकट आणि एकदा गॅस काढून दिली तर पहिल्या पाच मिनिटांत बुडबुडेवाल्यांच्या रक्तात जास्त दारू होती. गॅसमुळे ती पोटातून आतड्यात लवकर सरकते असं मानतात आणि शोषण मुख्यतः आतड्यातच होतं. सोड्यात किंवा टॉनिकमध्ये घेतलेल्या पेगलाही बऱ्याच जणांच्या बाबतीत हे लागू होतं. लवकर चढली की अंदाज लवकर सुटतो, आणि अंदाज सुटला की पुढचे दोन पेग कधी गेले कळत नाही.

डाएट ड्रिंकचं तर अजूनच. ऑस्ट्रेलियात अॅडलेडमध्ये २००६ साली व्होडका एकदा साखरेच्या आणि एकदा बिनसाखरेच्या मिक्सरमधून दिली, बिनसाखरेच्या वेळी पोट अर्धं रिकामं व्हायला २१ मिनिटं लागली आणि साखरेच्या वेळी ३६, आणि रक्तातली सगळ्यात वरची पातळी ०.०५ आणि ०.०३ टक्के अशी. तीच व्होडका, तेवढीच, तोच माणूस. कॅलरी वाचवायला डाएट कोला घेणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवून हळू प्यावं. याचा अर्थ साखर चांगली असा नाही, साखर दारूची जळजळ लपवते आणि गोड कॉकटेल सरबतासारखं पटापट जातं, काही कॉकटेलमध्ये तीन-चार प्रकारची दारू असते आणि आत किती मिली आहे ते बनवणाऱ्यालाच माहीत. बाहेर कॉकटेल घेत असाल तर सरळ विचारा, किती मिली टाकता, विचारायला लाजायचं काही कारण नाही.

एनर्जी ड्रिंकमध्ये दारू घालून घेऊ नका, यावर मी ठाम आहे. कॅफिनमुळे झोप उडते पण दारू तेवढीच रक्तात असते, आणि पेंग येणं हीच थांबण्याची एक खूण होती, तीच आपण बंद करून टाकली.

प्रत्यक्ष त्या दिवशी काय करायचं

जेवून बसा. उपाशीपोटी हा सगळ्यात वाईट प्रकार आहे. प्रथिनं आणि थोडं तेलकट असलेलं पोटभर जेवण पिण्याच्या आधी घेतलं की दारू पोटात जास्त वेळ राहते आणि हळूहळू चढते, नंतर मध्यरात्री जेवून यातलं काही होत नाही. सोबत खारट चकणा सारखा चालू असेल तर तहान वाढते आणि ती तहान आपण ग्लासातल्या दारूनेच भागवतो, म्हणून पाण्याचा ग्लास वेगळा आणि हाताशी ठेवा. एका ड्रिंकनंतर एक ग्लास पाणी हा जुना सल्ला चांगलाच आहे, पण त्यामागचं खरं कारण वेगळं आहे असं मला वाटतं. पाण्याने कोरड आणि तहान कमी होते, हँगओव्हर स्वतः पाण्याच्या कमतरतेमुळेच होतो असं नाही, तेव्हा झोपताना लिटरभर पाणी ढोसलं म्हणजे सुटलो असं समजू नका. पाण्याचा ग्लास मध्ये आला की पुढचं ड्रिंक वीस मिनिटं लांबतं, ते महत्त्वाचं.

ग्लास पूर्ण संपल्याशिवाय कोणाला भरू देऊ नका, अर्ध्यात टॉपअप झाला की मोजणी गेली. पहिला पेग नेहमी हळू घ्या कारण पहिल्या तासाचा वेगच पुढची रात्र ठरवतो. किती ग्रॅमवर थांबायचं ते घरून निघायच्या आधी ठरवा, दोन पेगनंतर घेतलेला निर्णय हा निर्णय नसतो. झोपायच्या निदान दोन-तीन तास आधी शेवटचा घोट. आणि सिगरेट, जे फक्त पिताना ओढतात त्यांच्यासाठी मुद्दाम, तेवढीच दारू असताना जास्त ओढणाऱ्यांना सकाळी जास्त त्रास होतो असं अभ्यासात दिसलंय.

सकाळी काय. थोडं थोडं पाणी किंवा मीठ-साखरेचं पाणी, हलकं खाणं कारण रक्तातली साखर उतरलेली असू शकते, आणि झोप. कॉफीची रोजची सवय असेल तर अर्धा कप घ्या, सवय नसेल तर नको, पोट अजून बिघडतं. गोळ्या, पावडरी, ड्रिप, झाडपाल्याचे अर्क यांच्यावर पैसे घालवू नका, २०२२ मध्ये अॅडिक्शन या जर्नलमध्ये २१ चाचण्यांचा एकत्र आढावा आला आणि एकाही उपायासाठी खात्रीलायक पुरावा निघाला नाही. डोकेदुखीच्या गोळीबाबत मात्र नीट ऐका, दारू अंगात असताना पॅरासिटामॉल लिव्हरला धोकादायक ठरू शकतं, विशेषतः रोज पिणाऱ्यांना, आणि आयबुप्रोफेन किंवा अॅस्पिरिन आधीच खवळलेल्या पोटाला अजून खवळवतं. झोपायच्या आधी खबरदारी म्हणून गोळी घेणं तर अजिबात नको. झोपेच्या गोळ्या आणि दारू एकत्र कधीच नाही. मेट्रोनिडाझोल या अँटिबायोटिकचा कोर्स चालू असेल तर दारू बंद ठेवायला सांगतात, डायबेटिसची औषधं असतील तर आधी डॉक्टरांशी बोला.

सकाळच्या गाडीचा हिशोब स्वतः करून बघा. रक्तातली पातळी तासाला साधारण ०.०१५ टक्क्यांनी उतरते. रात्री १२ वाजता ती ०.१५ असेल तर शून्य व्हायला दहा तास, म्हणजे सकाळचे १०. आठ वाजता अंघोळ करून, चहा पिऊन, एकदम फ्रेश वाटत असताना सुद्धा रक्तात ०.०३ आहे. मुलांना शाळेत सोडायला तुम्ही जाणार नाही आहात त्या दिवशी, हे आदल्या रात्रीच कोणाला तरी सांगून ठेवा.

कोणी खूपच प्यायलं असेल तर झोपू दे सकाळी ठीक होईल म्हणून एकटं सोडू नका. हाक मारून, हलवून जाग येत नाही, श्वास मिनिटाला आठपेक्षा कमी झालाय किंवा दोन श्वासांत दहा सेकंदांचं अंतर पडतंय, ओठ निळसर, अंग थंडगार, बेशुद्धीत उलटी, यातलं एक जरी दिसलं तरी अॅम्ब्युलन्स बोलवा आणि ती येईपर्यंत कुशीवर झोपवून ठेवा म्हणजे उलटी श्वासनलिकेत जाणार नाही. थंड पाणी ओतणं, कॉफी पाजणं, जबरदस्तीने चालवणं यातलं काहीही करू नका.

शेवटी स्वतःची दारू कुठली सोसते ते बघायचं असेल तर एकच पद्धत आहे, फोनमध्ये नोंद ठेवा. काय घेतलं, किती मिली, किती टक्के, कशात मिसळून, किती वाजता सुरू आणि किती वाजता शेवटचा घोट, जेवलो कधी, झोपलो किती, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी दहापैकी किती वाईट वाटलं. तुलना करताना सारख्या ग्रॅमच्या रात्रीच एकमेकींशेजारी ठेवा, नाहीतर दोन बिअर आणि सहा रम यांची तुलना होते आणि रम विनाकारण बदनाम होते. माझ्या नोंदीत रम अशीच बदनाम होती, कितीतरी वर्षं मी लोकांना सांगत होतो की रम मला चालत नाही. मग सगळ्या रात्री शेजारी शेजारी मांडल्या तेव्हा दिसलं की रमच्या जवळजवळ प्रत्येक रात्री शेवटचा घोट रात्री दोननंतरचा होता आणि व्हिस्कीच्या रात्री मी साडेअकराला घरी आलेलो होतो.